वाख आणि चोथा

'जैवविघटनशील' हा शब्द मी महाविद्यालयात आल्यावर प्रथम ऐकला. ज्या वस्तूंना तो लावतात त्या मात्र जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात घरोघर असत: गुरांचे दावे, बैलाचा कासरा, आढ्याला टांगलेले शिंके, करवीच्या काठ्यांचा शेणामातीने सारवलेला कूड. त्यांची जागा नायलॉनने आणि पत्र्याने घेतली. एकदाच वापरून फेकावयाच्या ठरावीक प्लॅस्टिकवर महाराष्ट्रात २०१८ साली व देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आली, तेव्हा रानातल्या धाग्याचा पुन्हा विचार करणे अगत्याचे झाले आहे. परंतु धागा आणि जैवइंधन यांची नावे एका दमात घेतली जातात, ते मला पटत नाही. दोहोंचा हिशेब निराळा आहे.

प्रथम धागा. मुरुडशेंगेची, म्हणजेच केवणीची, साल दोरीला उत्तम. एक-दीड वर्षाच्या सरळ फोकाची साल चिवट असते. फोक जून झाला की वाख ठिसूळ निघतो. फोक बुडाशी कापला तरी खोडाला नवा फुटवा येतो, त्यामुळे झुडूप जगते. कुंभ्याचे तसे नाही. त्याच्या सालीची वात तोड्याच्या बंदुकीसाठी धुमसत ठेवीत, पण उभ्या झाडाची साल सभोवार सोलली की झाड वाळते. म्हणून रानातला प्रत्येक धागा बाजारात न्यावा असे म्हणणे धोक्याचे आहे. शिवाय आंबेगावचे बरेचसे रान १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात मोडते. तेथे तोडणीला बंधने आहेत.

मग उरते घायपात. ही मूळची मेक्सिकोकडची, पण आता माळावर आणि बांधावर आपोआप वाढते. पाणी मागत नाही, गुरे तोंड लावीत नाहीत. पात ठेचून, पाण्यात कुजवून, धुऊन वाख काढतात. रसाने हाताला खाज सुटते, आणि हे काम बहुधा बायांच्याच वाट्याला येते. शंभर किलो पातीतून वाख निघतो जेमतेम चार किलो! उरलेले शहाण्णव किलो म्हणजे पाणी आणि चोथा. ते ओझे गाडीत भरून दूरच्या कारखान्यात नेणे परवडणारे नाही. वाख काढण्याचे यंत्र गावातच हवे, आणि चोथाही गावातच जिरायला हवा. टांझानियात हाले येथे घायपातीच्याच जातीच्या, सायसलच्या, चोथ्यापासून गॅस तयार करून वीज काढली आहे. आपल्याकडे गोबरगॅसची टाकी नवी नाही. तीत शेणाबरोबर हा चोथा बेताने घालून पाहता येईल.

आता इंधन. हरियाणात पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण त्याची भूक पाहा: वर्षाला दोन लाख टन पेंढा, तेव्हा कोठे तीन कोटी लिटर इथेनॉल. एवढी भूक आपल्या डोंगरावर सोडली तर करवी आणि केवण एका हंगामात बोडकी होतील. इंधनासाठी खाली पूर्वेकडे पाहावे. तेथे विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांचा ऊस आहे, शेतात पेटवून दिले जाणारे पाचट आहे. रानातून काही न्यायचेच तर घाणेरी न्यावी. ती परकी, माजलेली, आणि गेली तर कोणी रडणार नाही.

वाखाचे गिऱ्हाईकही जवळच आहे. नारायणगावच्या बाजूला टोमॅटोची झाडे तारेला सुतळीने बांधतात, ती पुष्कळदा प्लॅस्टिकची असते. हंगाम सरला की ती वाळल्या झाडांत गुरफटून राहते, म्हणून तो पाला खतात घालता येत नाही आणि बांधावर पेटवला जातो. तीच सुतळी वाखाची असेल तर झाडांसकट खड्ड्यात टाकता येईल.