आमवातावरील नव्या औषधांची कसोटी

सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे ताठरलेली राहणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजणे आणि काही वर्षांत बोटे वाकडी होणे, ही आमवाताची म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची लक्षणे होत. उतारवयातील गुडघेदुखीशी या रोगाची नेहमी गल्लत केली जाते. वस्तुतः हा रोग पुष्कळदा ऐन उमेदीच्या वयात जडतो व स्त्रियांत अधिक आढळतो. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि हाडे झिजू लागतात. भाकरी थापणे, खुरपणी करणे, फळ्यावर लिहिणे ही कामे एकेक करून सुटत जातात.

या रोगावरील पहिले भरवशाचे औषध आजही मेथोट्रेक्सेट हेच आहे. ते स्वस्त आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, ही गोष्ट रुग्णाच्या घरातील प्रत्येकास ठाऊक असावी. ज्यांना या औषधाने पुरेसा उतार पडत नाही, त्यांच्यासाठी जैविक औषधांचा शोध सुरू झाला. ही औषधे जिवंत पेशींकडून तयार करवून घेतलेली प्रथिने असून ती सुईवाटे किंवा सलाईनमधून द्यावी लागतात.

लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमन आणि लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये अशा औषधाचा पहिला प्रयोग केला. दाह भडकविणाऱ्या टीएनएफ या प्रथिनास निष्प्रभ करणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध २० रुग्णांना देण्यात आले व त्यांना लक्षणीय आराम पडला. तथापि आराम औषधाने पडला की आशेने, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. म्हणून पुढे ७३ रुग्णांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडण्यात आले. कोणास औषध व कोणास औषधविरहित द्रावण मिळाले, हे रुग्णास वा तपासणाऱ्या डॉक्टरास कळू दिले नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चौथ्या आठवड्यात मोठी मात्रा मिळालेल्या २४ पैकी १९ जणांना गुण आला. औषधविरहित गटात २४ पैकी केवळ दोघांना.

तरीही टीएनएफरोधक औषधे सर्वांना लागू पडत नाहीत. काहींना प्रारंभापासूनच, तर काहींना काही काळानंतर ती निरुपयोगी ठरतात. अशा रुग्णांवर नवे औषध पारखणे हे अधिक अवघड काम होय, कारण रोग जुना झालेला, सांधे झिजलेले आणि रुग्ण निराश असतो. लिम्फोमा या कर्करोगावर १९९७ पासून वापरात असलेले रिटुक्सिमॅब हे संरक्षणव्यवस्थेतील बी-पेशी नष्ट करते. आमवाताचे मूळ याच पेशींत असावे, असा तर्क लंडनमधील जोनाथन एडवर्ड्स यांनी मांडला व २००१ मध्ये अवघ्या पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर टीएनएफरोधक औषधांनी गुण न आलेल्यांवर झालेल्या ‘रिफ्लेक्स’ या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत पंधरवड्याच्या अंतराने १००० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा देण्यात आल्या; मेथोट्रेक्सेट दोन्ही गटांत चालूच ठेवले होते.

चोविसाव्या आठवड्यात रिटुक्सिमॅबच्या गटातील ५१ टक्के रुग्णांत ठरविलेली सुधारणा आढळली, तर दुसऱ्या गटात १८ टक्के. येथे ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दुखऱ्या व सुजलेल्या सांध्यांच्या संख्येत किमान २० टक्के घट व्हावी आणि वेदना, दैनंदिन कामाची क्षमता, रक्ततपासणी यांसारख्या पाच बाबींपैकी तिहींत तेवढाच फरक पडावा, असा तो निकष आहे. म्हणजे दहा सुजलेल्या सांध्यांचे आठ झाले तरी सांध्यांपुरती अट पुरी होते. ७० टक्के सुधारणेचा कडक निकष लावल्यास हे प्रमाण १२ टक्क्यांवर उतरते. वृत्तपत्री मथळ्यांत हा फरक सहसा येत नाही. दुसऱ्या गटातील १८ टक्केही तितकेच बोलके आहेत: हा रोग आपोआप चढतो-उतरतो, आणि तुलनेचा गट नसता तर त्या उताराचेही श्रेय नव्या औषधालाच गेले असते.

संरक्षणव्यवस्थेस आवर घातला की दबलेले रोग डोके वर काढतात. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांमधील क्षयरोगाच्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून टीएनएफरोधक औषधापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी आवश्यक मानली जाते. क्षयाचा मोठा भार वाहणाऱ्या भारतात तर ती टाळणे धोक्याचेच होय. रिटुक्सिमॅबपूर्वी हेपॅटायटिस ब साठी रक्त तपासावे लागते.

भारतात अशा चाचण्यांना २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम लागू आहेत. नीतिविषयक समितीची मान्यता आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीत नोंद, या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत. ही नोंदवही कोणासही विनामूल्य पाहता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे. संमतिपत्र रुग्णास समजेल अशा भाषेत असावे लागते, आणि त्याची एक प्रत व माहितीपत्रक रुग्णाच्या हाती दिले जाते. वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत निःपक्षपाती साक्षीदार संपूर्ण वेळ हजर असावा लागतो. गावातील शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांना हे काम सांगितले जाऊ शकते. साक्षीदाराने सही करण्यापूर्वी, रुग्णास औषधविरहित द्रावणही मिळू शकते व कोणत्याही क्षणी चाचणीतून बाहेर पडता येते, हे त्याला खरोखरच उमगले आहे काय, एवढे त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावे.