सरासरी आणि अंतर

परीक्षेचा निकाल वाढला की शाळेला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु सरासरी वाढणे आणि विद्यार्थ्यांमधील अंतर कमी होणे या दोन निराळ्या गोष्टी होत. समजा, वर्गातील दोन सारख्या संख्येच्या गटांना सरासरी ६० व ४० गुण मिळत होते. पुढील वर्षी ते ७० व ५० झाले. वर्गाची सरासरी ५० वरून ६० वर गेली, अंतर मात्र २० च राहिले. हे गट जातीनुसार पडले असतील, तर प्रश्न केवळ गणिताचा उरत नाही.

बडोद्याला हा प्रश्न जुनाच आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. अंत्यजांसाठीही शाळा निघाल्या. पण तेथे शिकवण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान व पुढे आर्यसमाजी शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. १९१३ मध्ये संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ते येथे नोकरीस आले, तेव्हा एवढ्या विद्वानास शहरात राहावयास जागा मिळेना. विद्येने दिलेले जातीने हिरावले.

त्यानंतर परिस्थिती पालटली नाही असे नाही. १९९१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ५२.२ टक्के, तर अनुसूचित जातींची ३७.४ व जमातींची २९.६ टक्के होती. २०११ मध्ये हेच आकडे ७३, ६६.१ व ५९ झाले. देशाच्या सरासरीपासून अनुसूचित जातींचे अंतर सुमारे १५ वरून ७ वर आणि जमातींचे २३ वरून १४ वर आले. मात्र साक्षर म्हणून नोंद होणे आणि इयत्तेप्रमाणे येणे यांत फरक आहे.

या दृष्टीने आपल्याच शहरातील एक प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेने बडोदे व मुंबई येथील नगरपालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वाचन व अंकगणित पहिल्यापासून शिकवीत असे. मुले निवडली ती जातीवरून नव्हे, त्यांना काय येत नाही यावरून. दुसऱ्या वर्षी सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. येथे सरासरी चढली आणि अंतरही घटले. प्रयोग थांबल्यावर वर्षभरात मात्र लाभ बराच ओसरला. मदत सतत हवी, हा त्याचा धडा.

दुसरा धडा उत्तर प्रदेशातील. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले होते. जात जाहीर न करता दोन्ही गट जवळजवळ बरोबरीने उतरले. सर्वांसमक्ष जात पुकारताच खालच्या मानलेल्या जातींतील मुले मागे पडली. बुद्धी तीच, कागद तोच. बदलली ती फक्त वर्गातली हवा.

म्हणून यापुढे निकाल वाचताना दोन प्रश्न विचारावेत: सरासरी किती वाढली, आणि शेवटच्या बाकावरील मूल किती पुढे आले? आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाच द्यावे लागणार आहे.