क्रूस एक, अर्थ वेगवेगळे



परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतला एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "तुमच्या क्रूसावर येशूच नाही, म्हणजे तो खोटा!" मी "सगळे क्रूस सारखेच रे" म्हणून विषय मिटवला. ती माझी चूक होती. ते सारखे नाहीत.

कॅथलिक चर्चमध्ये क्रूसावर येशूची मूर्ती असते. त्याने सोसलेल्या यातना डोळ्यांसमोर राहाव्यात, हा हेतू. बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये क्रूस रिकामा असतो, कारण येशू मरणातून पुन्हा उठला. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतल्या जुन्या क्रूसाच्या तळाशी कमळ दिसते. यहोवाचे साक्षीदार तर क्रूस वापरतच नाहीत.

आपल्या वांद्रे-अंधेरीच्या गावठाणांत रस्त्याकडेला क्रूस दिसतात ना? त्यांतले काही १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. तिथे ईस्ट इंडियन लोकांनी रक्षणासाठी प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना विचारलं, "तुमचा क्रूस पाहून काय आठवतं?"

"येशूला किती दुखलं ते."

"तो परत उठला ते."

भांडण तिथेच थांबलं. मुलांना 'कोणाचं खरं?' याऐवजी हा प्रश्न विचारून पाहा.