खानावळीत केबिन काढावी का?

प्रश्न : नावड्यात साडेतीनशे चौरस फुटांच्या गाळ्यात खानावळ सुरू करतोय. गिऱ्हाईक मुख्यतः तळोजा एमआयडीसीतले कामगार. हिशेबासाठी मागे छोटी केबिन काढावी का?
– एक वाचक, नावडे

उत्तर : नको. सहा बाय आठची केबिन म्हणजे 48 चौरस फूट. तेवढ्यात चार जणांचं टेबल बसतं, आणि शिफ्ट सुटल्यावरच्या गर्दीत एकेक टेबल मोलाचं. भाडं तर केबिनचंही त्याच दराने भरणार!

कायदाही वेगळी खोली मागत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर हिशेब व्यवसायाच्या मुख्य ठिकाणी ठेवावे लागतात, पण ते संगणकावर चालतात. एफएसएसएआयचा परवाना तर दर्शनी भागातच लावायचा असतो. गल्ला, बिलाचं मशीन आणि कुलपाचं एक भिंतीतलं कपाट पुरे. मालक गल्ल्यावर दिसला की उधारी मागणारेही जरा बिचकतात. पगार, वाणसामानाची देणी दुपारच्या सामसुमीत टेबलावरच उरका. पोऱ्यांना रागवायचं ते मात्र गिऱ्हाइकांसमोर नको.

कंपन्यांच्या डब्यांची मोठी कंत्राटं आली, तर वरच्या मजल्यावर स्वस्तातली खोली बघा. तोवर मागची जागा भांड्यांच्या मोरीला द्या.