‘सर्फोजी’ आणि ‘शरभोजी’ : एका विशेषनामाची व्युत्पत्ती

तंजावरच्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला एकाच राजाचे नाव निरनिराळ्या रूपांत भेटते. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या समृद्धीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक ज्याच्या नावावर आहे, तो राजा (राज्यकाल 1798 ते 1832) कोठे ‘सर्फोजी’ आहे, कोठे ‘शरभोजी’, तर कोठे ‘शरभेंद्र’. यांपैकी मूळ रूप कोणते, हा प्रश्न केवळ लेखनभेदाचा नाही. ज्या रूपास मूळ मानावे, त्यानुसार या नावाचा अर्थ आणि त्यामागील सांस्कृतिक इतिहासही बदलतो.

‘शरभोजी’ हे रूप शुद्ध आणि ‘सर्फोजी’ हा त्याचा अपभ्रंश, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. शरभ हा पुराणप्रसिद्ध अष्टपाद प्राणी होय. नृसिंहाचा उग्रपणा शमविण्यासाठी शिवाने हे रूप घेतले, अशी शैव कथा आहे. कुंभकोणमजवळील दारासुरम् आणि त्रिभुवनम् येथील चोळकालीन मंदिरांत शरभाच्या मूर्ती आहेत. शैव राजघराण्यातील पुरुषास हे नाव शोभावे, यात नवल नाही. तथापि अर्थ शोभतो एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

या नावाचा उगम घराण्याच्या वंशावळीत शोधावा लागतो. मालोजी भोसले यांना अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) शाह शरीफ या पीराच्या कृपेने दोन पुत्र झाले आणि पीराच्या नावाचे दोन भाग करून त्यांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे भोसले घराण्याच्या परंपरेत सांगितले जाते. शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. शहाजींचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी पुढे तंजावरचे राज्य स्थापिले. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र क्रमाने गादीवर आले : शहाजी (1684 ते 1712), सर्फोजी (1712 ते 1728) आणि तुकोजी (1728 ते 1736). यांतील पहिल्या दोन नावांची जोडी लक्षणीय आहे. थोरल्या मुलास आजोबांचे नाव मिळाले आहे, आणि त्याच्या पाठच्या भावाचे नाव आजोबांच्या पाठच्या भावाच्या नावाशी जुळते. पूर्वजांची नावे पुन्हा ठेवण्याची मराठी कुटुंबांतील रूढी ध्यानात घेता ही जुळणी योगायोगाची मानणे कठीण आहे.

ध्वनिदृष्ट्याही ‘शरीफ’पासून ‘सर्फोजी’ सहज सिद्ध होते. अरबी-फारसी शब्दांतील ‘श’चा मराठीत ‘स’ होतो. ‘शरबत’चे ‘सरबत’ हे त्याचे परिचित उदाहरण. पुढे प्रत्यय जोडला असता मधला दीर्घ ‘ई’ गळतो. ‘तारीख’चे ‘तारखेला’ होते, त्याच रीतीने ‘शरीफ’चे ‘सर्फ’ होते. त्यास मालोजी, राणोजी, व्यंकोजी यांतील ‘ओजी’ हा शेवट लागला की ‘सर्फोजी’ हे रूप तयार होते. उलट दिशेने पाहिल्यास अडचण येते. ‘शरभ’मधील ‘भ’चा ‘फ’ व्हावा, असा नियम मराठीत नाही. इंग्रजी कागदपत्रांतील या नावाच्या लेखनातही अनेकदा ‘फ’चा उच्चार नोंदविलेला दिसतो.

मग ‘शरभोजी’ हे रूप आले कोठून? ते ध्वनिपरिवर्तनाने आलेले नसून अर्थानुरोधाने स्वीकारलेले संस्कृतीकरण आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तमिळ लिपीने त्यास अनुकूलता निर्माण केली असावी. त्या लिपीत ‘प’, ‘फ’, ‘ब’ व ‘भ’ यांसाठी एकच अक्षर आहे. ‘स’ व ‘श’ यांचेही काम बहुधा एकाच अक्षराने भागते. त्यामुळे ‘सरफोजी’ आणि ‘शरभोजी’ ही दोन्ही नावे तमिळमध्ये एकसारखीच लिहिली जातात. मराठी कानाला जेथे शरीफ ऐकू येत होता, तेथे तमिळ-संस्कृत वाचकाला शरभ दिसू लागला. ‘शरभेंद्र’ हे पुढचे रूप तर संपूर्ण संस्कृत वळणाचे आहे. ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ या तमिळ नाट्यकृतीच्या शीर्षकात ते आढळते.

येथे आणखी एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. ‘सर्फ’चा ‘सराफ’ या शब्दाशी संबंध नाही. ‘सराफ’ हा शब्द नाणी पारखणे व बदलणे या अर्थाच्या निराळ्या अरबी धातूपासून आला आहे. ‘शरीफ’चा अर्थ उच्चकुलीन, प्रतिष्ठित असा असून ‘शराफत’ आणि ‘तशरीफ’ हे त्याचे सगोत्र शब्द होत.

या विवेचनाचा संपादकांच्या दृष्टीने एक स्पष्ट निष्कर्ष निघतो. हस्तलिखितातील ‘सर्फोजी’ अशुद्ध समजून त्या जागी ‘शरभोजी’ छापणे, ही पाठाची दुरुस्ती नव्हे, तर पुराव्याचा लोप होय. त्याचप्रमाणे संस्कृत वा तमिळ ग्रंथांतील ‘शरभ’ हे रूपही बदलू नये, कारण तेही त्या दरबाराच्या बहुभाषिक जीवनाची खूण आहे. अरबी शब्द, मराठी शेवट आणि संस्कृत अर्थ हे तीन थर या एका नावात साठले आहेत. ‘शहाजी’ हे नाव महाराष्ट्रात रूढ झाले. ‘शरीफजी’ मात्र तेथे जवळजवळ एकाकी राहिले. भातवडीला पडलेल्या त्या धाकट्या भावाचे नाव दूर कावेरीकाठी, वेगळ्या रूपात का होईना, शतकाहून अधिक काळ टिकून राहिले.