फ्लॅटमधील लहान कुत्रा : शरीअतची मर्यादा आणि मुक्या जिवाचा हक्क



भंडारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाला कुत्रा परका नाही. धानाच्या बांधीवर रानडुकरांपासून राखण करणारा, गुराख्यामागे रानात जाणारा हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात वावरला आहे. आता मात्र भंडारा-तुमसरसारख्या शहरांत कुटुंबे फ्लॅटमध्ये राहू लागली आणि मुलांच्या हट्टाखातर एखादे लहान पॉमेरेनियन दोन खोल्यांच्या घरात येऊ लागले. अशा घरात दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, ‘एवढासा तर आहे, त्याने काय बिघडते?’ दुसरा म्हणतो, ‘नापाक आहे, आजच रस्त्यावर सोडून या.’ ही दोन्ही मते कुरआन व हदीसच्या कसोटीवर तपासली पाहिजेत.

पाळण्याची मर्यादा

सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या प्राण्यांनी पकडलेली शिकार वैध ठरवली आहे. सूरह अल्-कहफमध्ये गुहेतील श्रद्धावान तरुणांसोबत त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. तो गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे. म्हणजे कुत्र्याचा द्वेष ही इस्लामची शिकवण नव्हे.

तथापि, बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार शिकार, गुरेढोरे किंवा शेती यांच्या राखणीखेरीज कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून दररोज घट होते. यावरूनच अनेक विद्वानांनी घराच्या राखणीसाठीही अनुमती दिली आहे. बांधीवरच्या कुत्र्याला मुभा आहे. केवळ हौसेला नाही. लहान आकारामुळेही सूट मिळत नाही. हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार, ठरल्या वेळी हजरत जिब्रील (अ.) प्रेषितांच्या (स.) घरी आले नाहीत, याचे कारण खाटेखाली शिरलेले एक पिल्लूच होते.

पाकीचा प्रश्न

विदर्भातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण कोरड्या अंगाचा स्पर्श झाल्याने कपडे नापाक होत नाहीत. कोकणी कुटुंबे बहुधा शाफई आहेत. त्यांच्या मते ओला स्पर्श झाल्यास सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीने, धुणे आवश्यक आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या मताप्रमाणे कुत्रा मुळात पाकच आहे. स्पर्शाने वुजू मात्र कोणत्याही मतानुसार मोडत नाही. म्हणून शेजाऱ्याचा कुत्रा लिफ्टमध्ये अंगाला घासला, तर घाबरू नये आणि त्याला लाथही मारू नये.

मुक्या जिवाचा हक्क

आता खरा प्रश्न. कुत्रा घरात आलाच आहे. त्याचे काय करावे? तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, पायमोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, हे आपण जाणतो. याउलट मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री नरकास पात्र ठरली, हेही हदीसमध्ये आले आहे. तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. सकाळी फ्लॅटला कुलूप लावून कुत्र्याला दिवसभर कोंडणाऱ्याने यावर विचार करावा.

फ्लॅटमध्ये वाढलेल्या जिवाला मोकाट कुत्र्यांच्या टोळीत किंवा वैनगंगेच्या काठी सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी नेणे होय. एक चूक सुधारताना दुसरा जुलूम करणे, याला तकवा म्हणता येणार नाही. पाळीव प्राणी असा वाऱ्यावर सोडून देणे 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. तेव्हा अंगण व राखणीची गरज असलेले विश्वासू कुटुंब शोधावे, रेबीजची लस टोचून घ्यावी आणि मगच त्याला सोपवावे. तोपर्यंत त्याचे दाणापाणी, औषध व फिरणे ही तुमची जबाबदारी आहे. त्याची भांडी वेगळी ठेवा, नमाजची जागा राखा. जिना व गच्ची स्वच्छ ठेवा. कारण सूरह अन्-निसाच्या 36 व्या आयतीत शेजाऱ्याशी सद्वर्तनाचा आदेश आहे.

मुलांनाही हे समजावून सांगा. मुक्या जिवावर माया करायची असेल, तर विदर्भाच्या मे महिन्यात इमारतीच्या फाटकाशी पाण्याचे एक भांडे रोज भरून ठेवा. या पुण्यासाठी कुत्रा घरात आणावा लागत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना मर्यादा पाळण्याची आणि दया करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.