एम.टेक.चा पहिला सेन्सर नोड: टेबलावरून ब्रोकरपर्यंत

एम.टेक.ला आयओटी किंवा सेन्सर नेटवर्क घेतलंय? मग पहिल्या सत्राची प्रयोगशाळा सुरू होण्याआधी एक नोड स्वतःच्या टेबलावर उभा करून टाकू. तापमान मोजायचं, वाय-फायवरून लॅपटॉपला पाठवायचं, मग झोपायचं. बस, एवढंच त्याचं काम. पण त्याने पाठवलेल्या प्रत्येक आकड्याबद्दल तुम्हाला छातीठोकपणे बोलता आलं पाहिजे. म्हणून क्रम मोडू नका. एक पायरी चालल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही.

साहित्य: ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड, वायरवाला वॉटरप्रूफ डीएस१८बी२० तापमान सेन्सर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, सात-आठ जंपर वायर, यूएसबी केबल, मल्टिमीटर, लॅपटॉप आणि शंभरपानी वही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. सेन्सर मात्र दोन घ्या. डीएस१८बी२०च्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि शेजारी दुसरा असला की खोटा लगेच उघडा पडतो.

१. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि बोर्डावर छापलेलं नाव उतरवून घ्या. कंटाळा करू नका. ईएसपी३२, एस२, सी३ ही भावंडं दिसायला सारखी असली तरी त्यांच्या पिना वेगळ्या असतात.

२. बोर्ड एकटाच, काहीही न जोडता, केबलने लॅपटॉपला लावा. दिवा लागला पण लॅपटॉपवर नवा पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलींनी अनेकांची संध्याकाळ खाल्ली आहे. केबल बदलूनही दिसेना, तर बोर्डावरच्या यूएसबी चिपचं नाव वाचा (बहुधा सीपी२१०२ किंवा सीएच३४०) आणि तिचा ड्रायव्हर बसवा.

३. अर्डुइनो आयडीई उघडून बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी३२चं पॅकेज बसवा. यादीत मिळतीजुळती दोन नावं दिसू शकतात. निर्माता म्हणून एस्प्रेसिफ लिहिलेलं घ्या.

४. सिरियल मॉनिटरवर दर सेकंदाला ‘नमस्कार’ छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम चढवा. ‘कनेक्टिंग’पुढे नुसते ठिपके येत राहिले तर बोर्डावरचं ‘बूट’ बटण दाबून धरा आणि चढवणं सुरू झालं की सोडा. मॉनिटरवर अगम्य चिन्हं उमटली तर वेग जुळलेला नाही. प्रोग्रॅममध्ये आणि मॉनिटरवर, दोन्हीकडे ११५२०० ठेवा.

५. केबल काढा. पुढची जोडणी वीज बंद ठेवूनच करायची.

६. बोर्ड ब्रेडबोर्डमध्ये सरळ दाबून बसवा. रुंद बोर्ड असेल तर एका बाजूला भोकंच उरत नाहीत. तेव्हा दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवून मधे बसवा.

७. सेन्सरची काळी वायर ग्राउंडला जोडा.

८. लाल वायर ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडा. पाच व्होल्टच्या पिनेला नाही! सेन्सरला पाच चालतात, पण ईएसपी३२च्या पिनांना नाही. स्वस्त सेन्सरांत वायरींचे रंग कधीकधी अदलाबदल झालेले असतात, म्हणून विक्रेत्याने दिलेला कागद आधी पाहा.

९. पिवळी वायर जीपीआयओ ४ला जोडा. ‘दुसरी कुठलीही पिन चालेल की’ म्हणाल, तर नाही चालणार. ३४ ते ३९ या पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत, आणि या सेन्सरशी दोन्ही करावं लागतं. आणि १२ नंबरच्या पिनेवर पुढच्या पायरीतला रेझिस्टर लावलात तर बोर्ड सुरूच होणार नाही.

१०. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पिवळ्या आणि लाल वायरीच्या मधे लावा. रंग पिवळा, जांभळा, लाल, शेवटी सोनेरी. खात्री नसेल तर मल्टिमीटरने मोजा, दहा सेकंदांचं काम आहे.

११. वीज द्या आणि लगेच सेन्सरच्या टोकाला बोट लावा. गरम लागलं तर केबल उपटा: लाल-काळी उलटी बसली आहे.

१२. ‘वनवायर’ आणि ‘डॅलस टेम्परेचर’ या दोन लायब्रऱ्या बसवा.

१३. लायब्ररीसोबत येणारं सर्वांत साधं उदाहरण उघडून त्यातली पिन ४ करा, मॉनिटरचा वेग जुळवा आणि चढवा.

१४. आकडा वाचा. खोलीचं तापमान दिसलं तर छान. दोन आकडे मात्र पाठ करून ठेवा, ते आयुष्यभर भेटतील. उणे १२७ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही, वायर सैल आहे किंवा रेझिस्टर विसरलात. आणि ८५ म्हणजे सेन्सर नुकताच जागा झालाय, त्याने अजून मोजलेलंच नाही. पूर्ण बारकाईने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. हे दोन आकडे पुढे पाठवायचेच नाहीत, अशी अट आत्ताच प्रोग्रॅममध्ये घाला. नंतर आलेखात ८५चा सुळका दिसला की मार्गदर्शक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

१५. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच पाणी घाला. पाण्यात दोन खडे तरंगताहेत, असं नको. तळाचं पाणी शून्यावर नसतं आणि तुम्ही उगाच सेन्सरला दोष द्याल.

१६. सेन्सर मधोमध खोचा आणि अधूनमधून ढवळत पाच मिनिटं थांबा. टोक तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका.

१७. आकडा स्थिर झाला की सलग दहा वाचनं वहीत लिहा. उणे ०.५ ते अधिक ०.५ यांच्या आत असतील तर सेन्सर दिल्या शब्दाला जागतो. दीड-दोन अंशांचा फरक पडला तर दुसरा सेन्सर लावून पुन्हा करा. इथे जरा रेंगाळा, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं ते इथलंच. हा सेन्सर ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी आकडा देतो, पण त्याची हमी उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाचीच आहे. पायरी बारीक म्हणजे मोजमाप अचूक नव्हे. अहवालात ‘२७.४३७५ अंश’ लिहिलंत तर परीक्षक हसतील, ‘२७.४, अधिक-उणे ०.५’ लिहिलंत तर मान डोलावतील. (उकळत्या पाण्यातही तपासायची हौस असेल तर जरूर तपासा. फक्त पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांलाच उकळतं, आणि त्या टोकाला सेन्सरची हमीही सैल होते.)

१८. लॅपटॉपवर ‘मॉस्किटो’ हा एमक्यूटीटी ब्रोकर बसवा. निरोप घेऊन ज्याचा त्याला पोचवणारा हा टपालवाला.

१९. ब्रोकरच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी लिहा: एक ‘लिसनर १८८३’, दुसरी अनोळखी क्लायंटला परवानगी देणारी, म्हणजे ‘अलाउ अनॉनिमस’पुढे ‘ट्रू’. ही पायरी गाळलीत तर २.० नंतरच्या आवृत्त्या फक्त स्वतःच्या लॅपटॉपचंच ऐकतात आणि तुमचा नोड दाराबाहेर ताटकळतो. एक सावधगिरी: हे उघडं दार स्वतःच्या हॉटस्पॉटवरच ठेवा. कॉलेजच्या नेटवर्कवर जायच्या आधी पासवर्ड लावा.

२०. ती फाइल देऊन ब्रोकर सुरू करा. फाइल न देता नुसताच सुरू केलात तर वरच्या दोन ओळी वाया.

२१. फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवून चालू करा. ईएसपी३२ला ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. होस्टेलच्या वाय-फायच्या नादी लागू नका. आधी वेबपानावर लॉगिन मागणारं नेटवर्क या बोर्डाला पेलत नाही.

२२. लॅपटॉप त्याच हॉटस्पॉटला जोडून त्याचा आयपी पत्ता वहीत लिहा. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावला की हा पत्ता बदलू शकतो. काल चालत होतं, आज चालत नाही, असं झालं की पहिली शंका इथेच घ्या.

२३. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा, एकीतून निरोप ऐका आणि दुसरीतून पाठवा. दोन्हींत ब्रोकरचा पत्ता म्हणून लिहून घेतलेला आयपी द्या, ‘लोकलहोस्ट’ नको. निरोप पोचत नसेल तर दोष ब्रोकरच्या मांडणीत आहे. नोडला आत्ताच यात ओढू नका.

२४. प्रोग्रॅममध्ये ‘पबसबक्लायंट’ लायब्ररी, हॉटस्पॉटचं नाव, पासवर्ड आणि तोच आयपी पत्ता घाला. इथे तर ‘लोकलहोस्ट’ मुळीच चालणार नाही; नोडसाठी त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा होतो.

२५. टॉपिकचं नाव ठरवा: आधी जागा, मग नोड, मग राशी. उदाहरणार्थ, होस्टेल/नोड१/तापमान. लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते, आणि सुरुवातीला तिरकी रेघ देऊ नका. रिकाम्या नावाची एक पातळी विनाकारण तयार होते.

२६. प्रत्येक निरोपात तापमानाबरोबर एक वाढता क्रमांक पाठवा. सध्या निरुपयोगी वाटेल. याच क्रमांकावर तुमचा अर्धा अहवाल उभा राहणार आहे.

२७. प्रोग्रॅम चढवून लॅपटॉपच्या खिडकीत निरोपाची वाट पाहा. वाय-फाय सुरू होतानाच बोर्ड पुन्हापुन्हा चालू-बंद होत असेल आणि मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ दिसत असेल तर वीज कमी पडते आहे. केबल जाड आणि आखूड घ्या. नोडला वाय-फाय मिळालं पण ब्रोकर मिळेना, तर लॅपटॉपची फायरवॉल १८८३ नंबरचा पोर्ट अडवते आहे.

२८. आता नोडला झोपवा: दर दहा मिनिटांनी उठण्याचा टायमर लावून ‘डीप स्लीप’ची आज्ञा द्या. टायमर मायक्रोसेकंदांत असतो. दहा मिनिटं म्हणजे ६० कोटी, ते बसतात. पण उद्या एक तास हवा म्हणून ३६० कोटी साध्या पूर्णांकात कोंबलेत तर आकडा ओसंडून भलताच होतो. सुरुवातीपासूनच ६४ बिटांची संख्या वापरा.

२९. सगळं काम ‘सेटअप’मध्ये हलवा. झोपेतून उठल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, ‘लूप’पर्यंत तो पोचणारच नाही.

३०. क्रमांकाचा व्हेरिएबल आरटीसी मेमरीत ठेवा. नाहीतर प्रत्येक निरोप ‘१ नंबर’ म्हणूनच येईल.

३१. निरोप पाठवल्यावर ब्रोकरशी जोडणी रीतसर तोडा आणि क्षणभर थांबूनच झोपा. पाठवल्या पाठवल्या डोळे मिटलेत तर निरोप बोर्डातच राहून जातो.

३२. ऐकणाऱ्या खिडकीतलं सगळं वेळेसकट फाइलमध्ये साठवायला लावा आणि रात्रभर सोडून द्या. लॅपटॉपची स्वतःची झोप आधी बंद करा!

३३. सकाळी फाइल उघडून क्रमांक तपासा. शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा करून एक मिळवा; एवढे यायला हवे होते. आठ तासांत ४८ हवेत आणि ४६ आले, तर पोच ९५.८ टक्के. मधेच क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झालेला दिसला तर रात्री वीज तुटली होती, ती रात्र मोजू नका.

३४. मल्टिमीटर बोर्डाच्या वीजवाटेत एकसर लावून जागेपणीचा आणि झोपेतला प्रवाह मोजा. मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर ठेवून नोडला जागा होऊ देऊ नका. वाय-फायचा झटका २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो आणि मीटरचा फ्यूज उडतो.

३५. आता हिशोब मांडा. समजा नोड दहा मिनिटांत ४ सेकंद जागा, सरासरी १२० मिलिअँपिअर खातो. उरलेले ५९६ सेकंद झोपेत, ५ मिलिअँपिअर. जागेपणीचा खर्च ४८०, झोपेतला २९८०. म्हणजे झोपणंच सहापट महाग! सरासरी ५.७७ मिलिअँपिअर, आणि २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम चौदा दिवस पुरेल. दोष चिपचा नाही. ती एकटी दहा मायक्रोअँपिअरवर झोपते; जागं राहतात ते बोर्डावरचा दिवा, यूएसबी चिप आणि व्होल्टेज रेग्युलेटर. झोपेचा प्रवाह खरोखर ०.०१ मिलिअँपिअरवर आणलात तर तीच बॅटरी कागदावर शंभर दिवस जाते. तुमचे स्वतःचे आकडे घालून हाच हिशोब वहीत करा. प्रोग्रॅम चार ओळींनी आखूड करण्यापेक्षा बोर्ड बदलणं किती मोलाचं, ते इथे दिसतं.

३६. वहीत एका पानावर चार गोष्टी लिहा: बर्फातली वाचनं, पोचेचा टक्का, दोन्ही प्रवाह, बॅटरीचे दिवस. प्रत्येकापुढे तारीख. ‘अंदाजे’ हा शब्द खोडा आणि तिथे अधिक-उणे किती ते लिहा.

झालं. आता खुशाल दुसरा नोड जोडा, फक्त त्याला क्लायंट आयडी वेगळा द्या. एकाच आयडीचे दोघे आले की ब्रोकर आधीच्याला बाहेर काढतो.